चपला काढायची जागा

थंडी सरत आली, आंब्याला मोहर आला, दुपारचं ऊन पाठीला टोचायला लागलं, की बोईसरच्या बाजारात पानवाल्याच्या टोपलीपाशी माझी पावलं आपोआप मंदावतात आणि मग मी मुद्दाम भरभर पुढे निघून जाते. ओल्या फडक्याखाली झाकलेली ती पानं मला लांबूनही कळतात. कोवळं कोणतं, जून कोणतं, वर चांगली रचून आत कुजकी दडवलीत का, सगळं. थांबले तर हात पुढे जाणार, मी पानं उलटीपालटी करणार, तो काहीतरी बोलणार, मी त्याहून जास्त बोलणार. भांडणाला मी भीत नाही. माझं घर भांडूनच उभं राहिलंय. पण त्या हिरव्या, किंचित तिखट वासाशी माझं जुनं भांडण आहे आणि ते चार लोकांत काढावंसं वाटत नाही.

मी जुने ड्रम विकते. कारखान्यांतून रिकामे झालेले निळे, हिरवे, काळे ड्रम घ्यायचे, धुवायचे, वाळवायचे आणि बांधकामवाल्यांना, नर्सरीवाल्यांना विकायचे. या धंद्यात मी बायकांपैकी एकटीच होते आणि पहिल्या वर्षी सगळ्यांनी मला फसवलं. तेव्हापासून कोणी म्हणालं, ‘अहो, यात नुसतं साबणाचं पाणी होतं,’ की मी झाकण सैल करते, तोंड लांब ठेवते आणि हाताने थोडा वारा नाकाकडे ओढून बघते. मग बोटाने टिचकी मारते. तडा गेलेला ड्रम वेगळा वाजतो. माणसांनाही मी अशीच टिचकी मारून घेते. लोक म्हणतात, हेमाताईच्या जिभेला हाड नाही. नसेल. कान मात्र शाबूत आहेत.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत शैला सिस्टर माझ्याकडे आल्या. पालघरला राहणाऱ्या, दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या बाई. ज्यांना विसरण्याचा आजार झालाय अशा म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन सांभाळण्याचं काम त्यांना गावच्या बायकांना शिकवायचं होतं. सहा बायका मिळाल्या होत्या, जागा मिळत नव्हती. माझ्या गोडाऊनवरची खोली रिकामी आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते मी तीनदा विचारलं. समाजकार्याला जागा मागणारा माणूस दिसला की माझा हात आधी कुलपाकडे जातो.

“जागा देते,” मी म्हटलं. “पण मागच्या घरात माझा बाप आहे. त्याला तोच आजार आहे. शिकायचं ते त्याच्यावर शिका आणि वर्ग संपला की त्यातली सगळ्यात चांगली बाई माझ्याकडे.”

“बाई म्हणजे काय ड्रम आहे, टिचकी मारून निवडायला?” सिस्टर म्हणाल्या.

“आणि माझी खोली म्हणजे काय धर्मशाळा आहे?”

त्या हसल्या. मी हसले नाही. सौदा झाला.

बाबांना माझ्याकडे येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. तोवर ते केळव्याला भावाकडे होते. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पानवेलीची वाडी होती तिथे आता भावाने मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. बाबा अनवाणी त्या खोल्यांमध्ये शिरायचे आणि पलंगावर बसलेल्या पाहुण्यांना विचारायचे, “मळ्यात कोण गेलं? खरं सांगा, कोण गेलं?” पाहुणे घाबरायचे. एके दिवशी भाऊ त्यांना एका पिशवीसकट माझ्या दारात सोडून गेला. “थोडे दिवस ठेव गं,” म्हणाला. ‘थोडे दिवस’ हे शब्द ऐकून मी काय समजायचं ते समजले. आधी पिशवी उघडून बघितली, भावाने काय काय ठेवून घेतलंय ते. मग बाबांकडे बघितलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

तो मळा जसाच्या तसा माझ्या डोळ्यांत आहे याचा मला राग येतो. वर नारळ-सुपारीची सावली, खाली बांबूंना बांधलेले वेल, दोन ओळींमध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट. आतला उजेड हिरवा. भर दुपारीही पायाखाली गार. तोंडाशी सुपारीचं एक आडवं खोड टाकलेलं असायचं. त्याच्या अलीकडे चपला काढायच्या. गडी असो, व्यापारी असो, सगळे खोडापाशी वाकणार आणि अनवाणी आत जाणार. बायकांनी अडचणीच्या दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही. वेल नाजूक असतो, त्याला सगळं कळतं, असं म्हणायचे. थंडी संपता संपता वेलांची उतरण असायची. वर्षभर उंच गेलेला वेल आधारावरून सोडवायचा, खाली आणायचा, त्याच्या जुन्या अंगाचं वेटोळं करून मातीत पुरायचं आणि नुसता कोवळा शेंडा पुन्हा बांधायचा. बांधायला केळीचं वाळकं सोपट. बाबांची बोटं ती गाठ अशी मारायची की वेलाला काचतही नसे आणि सुटतही नसे. संध्याकाळी वाडीत उकडहंडी लावायचे. मडक्यात कंद, वालाच्या शेंगा, रताळी, वर दाबलेल्या पाल्याचा धूर. मला तो धूरसुद्धा आठवतो.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा अशाच उतरणीच्या दिवसांत वेलांनी माना टाकल्या. एका आठवड्यात चार ओळी गेल्या. मुळाशी काळं पडलेलं, ओढलं की वेल नुसता हातात येई. मर लागली म्हणतात त्याला. मोठी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. बाबा तिला ‘बाय’ म्हणायचे. तिने मला मागच्या पडवीत उभं केलं आणि बोटांवर दिवस मोजले.

“खरं सांग. कधी बसलीस बाहेर?”

“परवा.”

“आनि मळ्यात कधी गेलीस?”

“नाही गेले.”

“मग वेल काय आपोआप मरतात? बोल की. तोंड हाय ना एवढं मोठं!”

बाबा बाजूलाच होते. घंगाळातल्या पाण्याने पाय धूत होते. फार वेळ धूत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, की आता हे म्हणतील, माझी पोर खोटं बोलत नाही. त्यांनी पाय पुसले आणि खाली बघूनच म्हणाले, “हिला आता मळ्याकडे फिरकू देऊ नका.” बस, एवढंच. पुढच्या महिन्यात मला बोईसरला मामाकडे पाठवलं. शाळा तिथेच सुटली. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं की अमक्याचा मळा त्याच्या पोरीने घालवला. मामाकडे मी गोण्या धुवायला लागले, गोण्यांवरून ड्रमवर आले. मळ्यात मी गेले नव्हते. हे मी कोणालाच पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगून बघितलं होतं ना.

वर्ग सुरू झाला आणि मी रोज मागे खुर्ची टाकून बसायला लागले. वीज माझी, पंखा माझा, बाप माझा; काय शिकवतात ते कळायला नको? फळ्यावर ‘स्मृतिभ्रंश’ असा शब्द लिहिलेला. सहा बायका खाली सतरंजीवर. चिंचणीची एक धिप्पाड बाई होती, तिला सगळं आधीच येत होतं. आणि मनोरच्या पलीकडच्या एका डोंगरपाड्यावरची जयवंती होती. पाड्यावर पावसावरची थोडी शेती. दिवाळीनंतर तिचं घरदार वीटभट्टीवर जायचं, या वर्षी ती एकटी इकडे आली होती. काळी, काटक, बोलताना तोंडावर पदर धरणारी. तिचं आणि माझं पहिल्या दिवशीच वाजलं. मी म्हटलं, “वीटभट्टी सोडून आलीस, इथून कधी पळणार?” ती म्हणाली, “भट्टीवर मुकादम वरडतो, इथं तुमी वरडता. इथं पंखा तरी हाय.” बायका फिदीफिदी हसल्या.

एके दिवशी सिस्टरांनी प्रत्येकीच्या कानात कापूस घातला, हातात जाड मोजे चढवले, डोळ्यांना व्हॅसलीन फासलेला चष्मा लावला आणि शर्टाची बटणं लावायला सांगितली. मध्येच त्या भराभरा, अर्धवट शब्दांत काहीतरी हुकूम सोडायच्या आणि पाठीवर थाप मारायच्या, “अहो, किती वेळ? एवढंही जमत नाही?” मग मला म्हणाल्या, “हेमाताई, या.” मी नाही म्हणणार होते, पण सगळ्या बघत होत्या. बटण सापडेना. कोणीतरी कानाशी पुटपुटत होतं, कोणीतरी दंड धरून ओढत होतं. मी चष्मा काढून भिंतीवर फेकला आणि तोंडाला येईल ते बोलले. सिस्टरांनी चष्मा उचलला, पुसला आणि म्हणाल्या, “तीन मिनिटं झाली नाहीत, ताई. तुमचे बाबा सकाळपासून तिथेच आहेत.”

मी गोडाऊनमध्ये जाऊन उगीच दोन ड्रम इकडचे तिकडे केले. ती बाई मला वळवायला बघतेय असं मला वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

त्यांचा मुख्य धडा एकच होता. माणूस काहीही म्हणाला तरी वाद घालायचा नाही. परीक्षा घ्यायची नाही. ‘मला ओळखलंत का?’ असं विचारायचं नाही. तो ज्या जागी असेल तिथे आपण जायचं. मला हे पटत नव्हतं. चाळीस वर्षांच्या माणसाने केलेला अन्याय ऐंशीव्या वर्षी विसरला म्हणून पुसला जातो का? आणि वर त्याच्या जागी मी जायचं? त्या जागेवरूनच तर मला हाकललं होतं.

खरी अडचण चपलांची झाली. घरात पाय घसरू नये म्हणून बाबांच्या पायांत रबरी चपला असायला हव्यात, असं सिस्टरांच्या यादीत होतं. बाबा घरात त्या घालायचे. पण मागच्या दारापाशी आले की वाकून, भिंतीला धरून, त्या काढायचे आणि अनवाणी अंगणात उतरायचे. अंगणात माझे ड्रम. चिंचणीची ती बाई मागे धावायची, “बाबा, चप्पल! चप्पल घाला आधी!” आणि पाय धरून जबरदस्तीने चढवायची. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिच्या हातावर फाडकन मारली. वहीत लिहिलं गेलं, ‘सहकार्य करत नाहीत, मारतात.’

मला कारण ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. उन्हाने ड्रम खराब होऊ नयेत म्हणून अंगणावर मी हिरवी जाळी बांधली आहे. खाली हिरव्या ड्रमांच्या उंच ओळी, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. भर दुपारी तिथला उजेड हिरवा. मी ते अंगण असं का रचलं असेल? मुद्दाम नाही रचलं. पण मी सांगितलं नाही कोणालाच. म्हटलं, एवढं शिकवताय ना, ओळखा. मळ्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

सिस्टरांनी अंगण बघितलं आणि त्या सरळ बोलल्या. “अनवाणी पाय, त्यात काय काय सांडलेलं असेल इथे. ताई, अशा घरात मी बाई देऊ शकत नाही. दार बंद करा, नाहीतर यांना कुठल्या तरी संस्थेत हलवायचा विचार करा.” त्याच दिवशी भावाचा फोन आला. त्याला कसं कळलं देव जाणे. “टाक ना कुठेतरी. कागदावर सही मी करतो,” म्हणाला. सही करायला त्याची नेहमी तयारी असते. मला एकाएकी कळेना, मला काय हवंय. हा माणूस घरातून गेला असता तर माझं ओझं गेलं असतं. पण त्याने मला कधी ‘तू गेली नव्हतीस’ म्हटलं नव्हतं, आणि ते न म्हणता मी त्याला कुठेही जाऊ देणार नव्हते. दोन दिवस दाराला कडी घातली. बाबा कडीशी बसून दार थोपटत राहिले. जेवले नाहीत. पाणीही नीट प्यायले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाबांकडे बघायची पाळी जयवंतीची होती. मी खिडकीतून बघत होते, नेहमीप्रमाणे. तिने कडी काढली. बाबा वाकले, चपला काढल्या. तिनेही आपल्या चपला काढल्या, बाबांच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि त्यांच्या मागोमाग अनवाणी उतरली. बाबा वळून तिच्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. आत जायची परवानगी दिल्यासारखी.

मी बाहेर आले. “कोणी सांगितलं तुला?”

“काय?”

“चपला काढायचं.”

“आमच्याकडं खळ्यात चपला घालून नाय जात, ताई. तिथं धान असतं. बाबा काढतात म्हंजे हितं बी तसंच कायतरी हाय, असं वाटलं.” मग हळूच म्हणाली, “काय हाय हितं?”

“ड्रम आहेत,” मी म्हटलं. “दिसत नाहीत का?”

तिने एक ओळ रिकामी करायला लावली. फरशी खरवडून धुतली, तीही माझ्याकडून माणूस मागून. चपलांचा तिढा तिनेच सोडवला. तळाला रबराचे ठिपके असलेले जाड मोजे आणले आणि बाबांसमोर धरले. “बाबा, चप्पल नाय ही. लोकर हाय.” बाबांनी मोजे चाचपले, वास घेतला, उलटे करून बघितले. मला माझेच हात दिसले. “चालंल,” ते म्हणाले. सिस्टर आल्या, पाय बघितले, फरशी बघितली आणि वहीतली ती ओळ खोडली. महिनाभर बघू म्हणाल्या.

आता कोणी म्हणेल, इथे तरी मी जयवंतीवर विश्वास ठेवायला हवा होता. नाही ठेवला. गोणी शिवायच्या सुतळीचे तुकडे नाहीसे व्हायला लागले. कापून टाकलेल्या ड्रमांची दोन बुडं दिसेनाशी झाली. ती आणि बाबा त्या धुतलेल्या ओळीच्या टोकाला बसून कुजबुजायचे, मी गेले की गप्प. एके दुपारी ती वरच्या वर्गात असताना मी तिची पिशवी उघडली. हे मी लपवत नाही. आत भाकरीचं फडकं, एक फणी, माझी सुतळी आणि ओल्या कागदात गुंडाळलेल्या हिरव्या काड्या. पानं असलेल्या. बदामाच्या आकाराची, चकचकीत.

मी ओळीच्या टोकाला गेले. जाळीच्या खांबांशी ड्रमांच्या बुडांत माती भरून तिने मनी प्लांट लावला होता आणि बाबांनी तो माझ्या सुतळीने खांबाला बांधला होता. गाठ बघितली. काचत नव्हती, सुटत नव्हती.

मी तिला वरून खाली बोलावलं, सगळ्यांदेखत. “माझ्या बापाला खोटी पानं दाखवतेस? पानवेलीत जन्म गेलाय त्याचा! त्याला फसवायला शिकवतात का तुम्हाला वर?”

“मी नाय म्हटलं पानवेल हाय म्हणून,” जयवंती म्हणाली. पदर तोंडावर नव्हता. “तेच म्हटले. हात नुसते बसून राहतात, ताई. तुमी बगता ना रोज खिडकीतून? मग बगितलं नाय का, हात कसे करतात ते?” आणि मग, “पिशवी उघडलीत ती उघडलीत. भाकरी उष्टी नाय ना केलीत?”

कोणी हसलं नाही. सिस्टर मध्ये पडल्या. त्यांनी आधी जयवंतीलाच झापलं. हे पान तोंडात गेलं तर तोंड सुजेल, आत्ताच्या आत्ता काढ. मग माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही. तुम्हाला ठाऊक होतं हे अंगण त्यांना काय वाटतं ते. पहिल्यापासून. हो ना?”

मी खांबाची सुतळी सोडवायला लागले.

“मग खरी आणा की,” जयवंती मनी प्लांट उपटता उपटता म्हणाली. “खरी पानवेल. मिळत नाय का तुमच्याकडं?”

चाळीस वर्षांनी मी एका पानमळ्याच्या तोंडाशी उभी राहिले, केळव्याच्या अलीकडे. आत गेले नाही. म्हाताऱ्या मालकाने बेणं म्हणून वेलाचे तुकडे बाहेर आणून दिले. आम्ही उन्हात उभं राहून बराच वेळ घासाघीस केली. तो भलताच लवकर खाली आला. मला संशय यायला हवा होता. “घेऊन जा गं बाय,” म्हणाला, “मळा मोडतोय मी. पोरांना नको हाय.” स्वस्तात मिळाल्याचा आनंद मला रिक्षात बसल्यावरही पुरला.

घरी आले तेव्हा बाबा धुतलेल्या ओळीत बसले होते. जयवंती शेजारी. मी मागच्या दारात चपला काढल्या, का काढल्या ठाऊक नाही, आणि त्यांच्यापुढे बेणं ठेवलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी एक तुकडा उचलला, पेरं मोजल्यासारखी बोटं फिरवली, बुडाचा वास घेतला. मग थांबले.

“कुठचा हा?”

“एक मळा मोडतायत. स्वस्त दिला.”

त्यांनी तो तुकडा हातातून टाकला. विंचू असावा तसा. “फेक. फेक ते. पाय धू. पाय धू आधी.” आणि स्वतःचे मोजे ओढून काढायला लागले. जयवंतीने त्यांचे हात धरले नाहीत. तिने बादली आणली. बाबा पाय धुवायला लागले. फार वेळ. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, नीट बघितलं, आणि आवाज खाली आणला.

“मी पन असाच आणलेला, बाय.”

सगळे म्हणतात, हेमा म्हणजे आत्याची झेरॉक्स. तेच नाक, तीच हनुवटी.

“काय आणलेलं?” मी विचारलं.

“बेणं. मोडत्या मळ्यातलं. स्वस्तात मिळालं म्हणून. त्याचे वेल माना टाकून बसलेले, मला दिसलेलं. तरी आणलं. माझ्याच पायांनी आली ती मर.” पाणी ढवळत ते म्हणाले. “पोर नव्हती गेली आत. मला म्हायीत होतं.”

माझ्या तोंडात त्या क्षणी जे जमा झालं होतं ते मी कुठल्या कारखान्याच्या फाटकावरही कधी बोलले नाही. मीच ती पोर, बघा माझ्याकडे, चाळीस वर्षं, शाळा, सगळं. जयवंती माझ्याकडे बघत होती. फळ्यावरचं सगळं तिच्या डोळ्यांत होतं. वाद नाही. परीक्षा नाही.

बाबांनी ओल्या हाताने माझं मनगट धरलं. “तू सांगू नको हां, बाय, पोरीला. तिला नको सांगू.”

आयुष्यात मी कोणाचाही पहिला शब्द मान्य केलेला नाही.

“नाही सांगत,” मी म्हटलं.

त्यांनी पाय बादलीतून काढले. जयवंतीने पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, शिकवलं होतं तसे. मग ते शांतपणे उठले, दारापाशी गेले आणि चपला घातल्या.

मी जयवंतीला गोडाऊनच्या कोपऱ्यात गाठलं. “तू शिकवलंस त्यांना हे बोलायला?”

“मला काय म्हायीत तुमच्या मळ्याचं? तुमी तर म्हटलात, ड्रम हायत.”

सिस्टरांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, या आजारात माणूस कधी कधी रिकाम्या जागा मनाने भरतो; खरं असेल, नसेलही, सांगता येत नाही. म्हणजे चाळीस वर्षं वाट बघून जे हातात आलं तेही खात्रीचं नाही. मी त्या बोलण्याला सगळीकडून टिचकी मारून बघितली आहे. घंगाळातल्या पाण्याचा तो आवाज आठवून बघते, खाली घातलेली ती मानही. तडा ऐकू येत नाही. पण बाबा ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

ते बेणं जयवंतीने गावाबाहेर नेऊन जाळलं. दुसरं मी एका भरल्या मळ्यातून आणलं, मालक म्हणाला त्या भावात. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले, घरातच, जयवंती उशाशी असताना. ती आता आणखी दोन घरं सांभाळते आणि वरच्या खोलीत नव्या बायकांना मोजे कसे चढवायचे ते दाखवते. मी अजून मागे खुर्ची टाकून बसते. अजूनही पंख्याचं बटण मीच बंद करते.

खांबांवरचे वेल यंदा जाळीला टेकलेत. उतरण करायला हवी. काल दुपारी मागच्या दारात चपला काढून मी त्या हिरव्या उजेडात उतरले, पहिला वेल सोडवला, त्याचं जुनं अंग मातीत वेटाळलं आणि शेंडा बांधला. गाठ मला बाबांसारखी जमत नाही. जयवंती दारातून म्हणाली, “सैल सोडा जरा, ताई, काचंल त्याला.” मी तिच्यावर खेकसले आणि सैल सोडली.

त्या पोरीला मी अजून काही सांगितलेलं नाही.